बिननावाचे जहाज : एलएसटी-३२५ आणि युद्धाचा विसरलेला हिशेब

१/ काही जहाजांना नाव मिळते, काहींना केवळ क्रमांक. बिस्मार्क, हूड, यामातो ही नावे युद्धेतिहासात फारसा रस नसलेल्यांनीही ऐकलेली असतात. आजचा धागा आहे एलएसटी-३२५ या जहाजाविषयी. अमेरिकन नौदलाने त्याला कधी नावच दिले नाही. तरीही दुसऱ्या महायुद्धाचा निकाल कसा लागला हे समजून घ्यायचे असेल, तर वर उल्लेखलेल्या तिन्ही युद्धनौकांपेक्षा या बिननावाच्या जहाजाची सेवापुस्तिका अधिक बोलकी आहे, असे माझे मत आहे. ते का, हे सविस्तर सांगतो.

२/ युद्धाचा इतिहास लिहिताना आपण तोफांचा व्यास मोजतो, बुडवलेल्या नौका मोजतो, एखाद्या दिवसाचा पराक्रम मोजतो. किती माणसे कोठे पोहोचवली, किती घायाळ परत आणले आणि तीच फेरी किती वेळा केली, हा हिशेब मात्र परिशिष्टात जातो. माझा आक्षेप या मांडणीला आहे. वाहतूक ही युद्धाची पार्श्वभूमी नसते; पुष्कळदा तीच युद्ध असते.

३/ आधी मूळ अडचण पाहू. कोकणच्या आगबोटीने प्रवास केलेल्या आजी-आजोबांकडून अनेकांनी ऐकले असेल : बोट खोल पाण्यात उभी राही आणि उतारूंना होडीत किंवा पडावात उतरून किनारा गाठावा लागे. मोठ्या जहाजाला खोल पाणी लागते आणि किनाऱ्याशी पाणी उथळ असते, एवढीच ती गोष्ट. माणूस होडीत उतरेल, पेटीही उतरेल. पण ३० टनांचा रणगाडा उतरवायचा कसा? आणि तोही शत्रूच्या ताब्यातील, धक्का नसलेल्या किनाऱ्यावर?

४/ हा प्रश्न ब्रिटनपुढे १९४० साली उभा राहिला. २६ मे ते ४ जून या दिवसांत डंकर्कहून ३,३८,००० हून अधिक सैनिक परत आणले गेले. माणसे आली, रणगाडे, तोफा, मोटारी मात्र बहुतांशी फ्रान्सच्या किनाऱ्यावरच राहिल्या. युरोपात परतायचे तर सामग्रीसह परतावे लागणार होते, आणि बंदरे शत्रूच्या हाती होती. म्हणजे बंदराविना रणगाडे उतरवू शकणारे आणि महासागरही ओलांडू शकणारे जहाज हवे होते. या दोन अपेक्षा परस्परविरोधी आहेत. महासागराला खोल बूड मानवते, किनाऱ्याला सपाट.

५/ ब्रिटिशांनी आरंभी एक जुगाड केला. व्हेनेझुएलातील माराकाइबो सरोवराच्या मुखाशी पाणी उथळ असल्याने तेथे कमी खोलीचे तेलवाहू वापरत. अशी तीन जहाजे घेऊन त्यांच्या तोंडाला दारे बसवली. कल्पना चालली, पण तिघांनी युरोप जिंकता येत नाही. मग मागणी अमेरिकेकडे गेली. नोव्हेंबर १९४१ मध्ये अमेरिकन नौदलाच्या जहाजबांधणी विभागातील जॉन नीडरमायर यांनी काही तासांत एक आराखडा रेखाटला. पुढील सर्व एलएसटी जहाजांचा सांगाडा मूलतः तोच राहिला.

६/ नीडरमायर यांची युक्ती ऐकायला साधी आहे. जहाजाच्या पोटात मोठ्या टाक्या ठेवायच्या. समुद्र ओलांडताना त्या पाण्याने भरायच्या, की जहाज खोल बसते आणि लाटांत तग धरते. किनारा जवळ आला की पाणी उपसून टाकायचे. जहाज वर उचलले जाते आणि पुढच्या बाजूला जेमतेम ३-४ फूट पाणी पुरते. बूड जवळजवळ सपाट असल्यामुळे ते वाळूवर अलगद चढते. एकाच जहाजाला दोन उंच्या दिल्यामुळे महासागर आणि किनारा या दोघांच्या मागण्या एकाच लोखंडात बसल्या.

७/ वाळूवर चढणे सोपे, उतरणे कठीण. म्हणून किनारा गाठण्यापूर्वीच मागील बाजूचा नांगर समुद्रात सोडत. पुढची दारे उघडत, उतरंड खाली येई, रणगाडे आपल्या चाकांवर बाहेर पडत. मग मागच्या नांगराची साखळदोरी यंत्राने गुंडाळत जहाज स्वतःला ओढून पुन्हा पाण्यात नेई. हा नांगर म्हणजे या जहाजाचे सार आहे. पुन्हा यायचे आहे, म्हणून मागे फिरण्याची सोय आधी करून ठेवायची.

८/ लांबी ३२८ फूट, रुंदी ५० फूट, वेग जास्तीत जास्त ताशी १२ सागरी मैलांच्या आसपास, म्हणजे रस्त्यावरील सायकलस्वाराइतका. एलएसटी या अक्षरांचा खरा अर्थ रणगाडे उतरवणारे जहाज. खलाशांनी मात्र त्याच अक्षरांचा दुसरा अर्थ लावला : मोठे, मंद लक्ष्य. युद्धात शत्रूच्या माऱ्याने २६ एलएसटी गमावल्या, वादळ, खडक आणि अपघात यांत आणखी १३. त्यांची एकंदर संख्या पाहता हा आकडा लहानच म्हणावा लागेल.

९/ कारण अमेरिकेने अशी १,०५१ जहाजे बांधली. समुद्रकिनाऱ्यावरील गोद्या युद्धनौकांच्या कामात गुंतल्या होत्या. तेव्हा समुद्रापासून शेकडो मैल आत, ओहायो आणि इलिनॉय नद्यांच्या काठी, मक्याच्या शेतांशेजारी नव्या गोद्या उभ्या राहिल्या. इंडियाना राज्यातील एव्हान्सव्हिल या एकाच नदीकाठच्या गावाने १६७ एलएसटी बांधल्या. ज्यांनी समुद्र पाहिलाही नव्हता अशा स्त्री-पुरुषांनी सांधे जोडले, आणि ती जहाजे मिसिसिपीतून खाली मेक्सिकोच्या आखाताकडे गेली.

१०/ आपली कथानायिका मात्र फिलाडेल्फियाच्या नौदल गोदीतली. जलावतरण २७ ऑक्टोबर १९४२, नौदलात प्रवेश १ फेब्रुवारी १९४३. तेथून उत्तर आफ्रिका. जुलै १९४३ मध्ये सिसिलीतील गेला, सप्टेंबरमध्ये इटलीतील सालेर्नो. सेवापुस्तिकेतील ही पाने झरझर उलटता येतात. रणगाडे भरा, उतरवा, परत या. या काळात खरी गोष्ट घडत होती ती नकाशांसमोर बसलेल्या सेनापतींच्या खोल्यांत, आणि तिचा विषय होता एलएसटींचा तुटवडा.

११/ हा तुटवडा किती होता? १९४३-४४ मध्ये दोस्तांकडे सैनिक होते, विमाने होती, तोफा होत्या. त्या किनाऱ्यावर नेणारी जहाजे नव्हती. जानेवारी १९४४ मधील आन्झियोच्या चढाईसाठी एलएसटी भूमध्य समुद्रात अडकवून ठेवल्या गेल्या. नॉर्मंडीची मोहीम मे महिन्यातून जूनमध्ये ढकलली गेली. महिनाभराचे आणखी उत्पादन हाती यावे, हे त्यामागील एक प्रमुख कारण. दक्षिण फ्रान्सवरील चढाई तर ऑगस्टपर्यंत लांबली. दोन साम्राज्यांचे भवितव्य या असल्या जहाजांच्या संख्येवर अडून बसावे, याचा चर्चिल यांना मनस्वी त्रागा होता.

१२/ या तुटवड्याची एक झळ थेट आपल्या परिचयाच्या भूमीला लागली. अंदमान बेटे मार्च १९४२ पासून जपानच्या ताब्यात होती. ती परत घेण्यासाठी माउंटबॅटन यांच्या आग्नेय आशिया कमानीने सागरी चढाईची योजना आखली. तिचे सांकेतिक नाव ‘बकनीअर’. नोव्हेंबर १९४३ मधील कैरो परिषदेत रूझवेल्ट यांनी च्यांग काय-शेक यांना बंगालच्या उपसागरात सागरी चढाई करण्याचे आश्वासनही दिले. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ते मागे घेण्यात आले. युरोपला जहाजे हवी होती. हिंदी महासागरातील रणगाडावाहू नौका पश्चिमेकडे परत बोलावल्या गेल्या.

१३/ अंदमानवरील जपानी अंमल ऑक्टोबर १९४५ पर्यंत टिकला. त्या काळात बेटवासीयांनी छळ, हत्या आणि शेवटी उपासमार सोसली. ३० जानेवारी १९४४ रोजी होम्फ्रीगंज येथे ४४ भारतीयांना हेरगिरीच्या आरोपाखाली गोळ्या घालण्यात आल्या. योजना अमलात आली असती तरी हे हत्याकांड टळले असते, असा दावा मी करणार नाही. चढाई त्यानंतरच्या महिन्यांत व्हायची होती. पण त्यापुढचे दीड वर्ष? सेल्युलर जेलचा इतिहास आपण तळमळीने सांगतो. त्याच बेटांची सुटका कोठल्याशा गोदीतील जहाजांच्या मोजदादीवर अडली होती, हेही त्या इतिहासात यायला हवे.

१४/ एकेक जहाज किती मोलाचे होते याचा दाखला २८ एप्रिल १९४४ च्या रात्री मिळाला. नॉर्मंडीची रंगीत तालीम चालू असताना इंग्लंडच्या दक्षिणेस लाइम उपसागरात जर्मन टॉर्पेडो नौका एलएसटींच्या ताफ्यात घुसल्या. एलएसटी-५०७ आणि एलएसटी-५३१ बुडाल्या, एलएसटी-२८९ जबर जखमी झाली. ७४९ अमेरिकन मृत्युमुखी पडले. बातमी दडपली गेली, कारण शत्रूला सुगावा लागू द्यायचा नव्हता. मृतांच्या दुःखाइतकीच वरिष्ठांना दुसरी एक चिंता होती : राखीव एलएसटी आता उरल्याच नव्हत्या. हे वाक्य निर्दय वाटेल, पण युद्धाचा जमाखर्च असाच मांडला जातो.

१५/ आता नॉर्मंडी. चित्रपटांनी आपल्या मनावर ६ जून १९४४ ची पहाट कोरून ठेवली आहे. एलएसटी-३२५ त्या पहाटे ओमाहा किनाऱ्यावर नव्हती. ५ जूनला इंग्लंडमधील फॉलमथहून ती राखीव दलासोबत निघाली आणि ७ जूनला ओमाहासमोर नांगर टाकून उभी राहिली. पोटात ५९ वाहने, ३० अधिकारी आणि ३९६ सैनिक. किनाऱ्यावर अडथळे, भग्न वाहने आणि मृतदेह होते. म्हणून माल लहान नौकांत आणि पाण्यातही चालणाऱ्या मोटारींत उतरवला गेला.

१६/ येथे क्षणभर थांबू या. ‘महान दिवसा’च्या दुसऱ्या दिवशी आलेले जहाज स्मरणात राहत नाही. पण किनाऱ्यावर पाय रोवलेल्या सैन्याला त्या दुसऱ्या दिवशी दारूगोळा, इंधन, पूल बांधणारे अभियंते आणि रुग्णवाहिका मिळाल्या नसत्या, तर पहिला दिवस फुकट गेला असता. आन्झियोला नेमकी हीच वेळ येऊन ठेपली होती. किनारा बिनबोभाट मिळाला, पण पुढे जाण्याचे बळ वेळेत जमले नाही आणि सैन्य चार महिने तेथेच अडकले. पहिला दिवस धैर्याचा असतो, दुसऱ्या दिवसापासून पुरवठ्याचे राज्य सुरू होते.

१७/ आणि परतीचे काय? पहिल्या फेरीहून इंग्लंडला परतताना एलएसटी-३२५ ने ३८ जखमी नेले. ज्या तळमजल्यावर सकाळी रणगाडे आणि मोटारी होत्या, तेथेच संध्याकाळी भिंतींना झोळ्या टांगल्या जात. एलएसटींनी नॉर्मंडीहून एकूण ४१,०३५ जखमी इंग्लिश खाडीपार पोहोचवले. एवढ्या मोठ्या संख्येने घायाळांना माघारी आणणाऱ्या नौकांना आपण ‘चढाईची जहाजे’ म्हणतो, हे नामकरण अर्धेच खरे आहे. ती माघारीचीही जहाजे होती.

१८/ जून १९४४ ते एप्रिल १९४५ या काळात एलएसटी-३२५ ने इंग्लंड-फ्रान्स अशा चाळीसहून अधिक फेऱ्या केल्या. यूटा, ओमाहा, गोल्ड, जुनो हे किनारे. पुढे सीन नदीतून आत रुआं शहरापर्यंत. प्रत्येक फेरीत तेच : भरती पाहून वाळूवर बसणे, दारे उघडणे, माल उतरवणे, जखमी किंवा युद्धकैदी घेणे, पुढच्या भरतीची वाट पाहणे, मागचा नांगर ओढणे. माझ्या दृष्टीने या जहाजाचा पराक्रम येथे आहे. पाणसुरुंग पेरलेल्या खाडीत एकदा जायला धाडस लागते. चाळीस वेळा जायला जे लागते त्याला आपल्या भाषेत धड शब्दही नाही. फार तर चिकाटी म्हणू.

१९/ २८ डिसेंबर १९४४. इंग्लंडहून फ्रान्सकडे सैनिक घेऊन निघालेले ‘एम्पायर जॅव्हेलिन’ हे वाहतूक जहाज खाडीत बुडू लागले. मदतीला धावलेल्या नौकांत एलएसटी-३२५ होती. तिने सुमारे ७०० जणांना वाचवले. एका मालवाहू, संथ, सपाट बुडाच्या जहाजाने, हिवाळ्यातल्या समुद्रात. कोणत्या युद्धनौकेच्या नावावर एका दिवसात ७०० जीव बुडवल्याची नोंद असती, तर तिच्यावर ग्रंथ लिहिले गेले असते. ७०० जीव वाचवल्याची नोंद मात्र एका ओळीत संपते.

२०/ युद्ध संपले. २ जुलै १९४६ रोजी जहाज सेवेतून काढून राखेत ठेवले गेले, म्हणजे राखीव ताफ्यात. पण शब्दाचा दुसरा अर्थही तिच्या भगिनींना लागू पडला. शेकडो एलएसटी मोडीत निघाल्या. एलएसटी-३२५ वाचली, कारण तिला पुन्हा काम मिळाले. १९५१ मध्ये ग्रीनलंड आणि कॅनडाच्या गोठलेल्या किनाऱ्यांवर रडार ठाणी उभारण्याचे सामान तिने नेले. तेथेही धक्के नव्हतेच. मग १९६४ मध्ये तिची रवानगी ग्रीसच्या नौदलात झाली आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला नाव मिळाले : सिरोस. १९९९ पर्यंत, म्हणजे पस्तीस वर्षे, ती ग्रीक खलाशांनी चालवली.

२१/ स्वतंत्र भारताच्या नौदलालाही या जातीच्या जहाजाचा परिचय लवकर झाला. ब्रिटनने बांधलेली अशीच एक रणगाडावाहू नौका १९४९ मध्ये भारताकडे आली आणि तिचे नाव ठेवले ‘मगर’. पाण्यात राहणारा, पण काठावर चढून येणारा प्राणी. या जहाजाचे वर्णन याहून नेमक्या एका शब्दात करता येईल असे मला वाटत नाही.

२२/ आता शेवटचा अंक. २००० साली काही निवृत्त अमेरिकन नौसैनिक क्रीट बेटावरील सौदा उपसागरात पोहोचले. सरासरी वय ७२. त्यांनी ग्रीसकडून ‘सिरोस’ मिळवली, गंज काढला, इंजिने चालू केली. १४ नोव्हेंबरला कॅप्टन रॉबर्ट जॉर्नलिन यांच्या नेतृत्वाखाली जहाज निघाले. जिब्राल्टरला थांबून, हिवाळ्यातील अटलांटिक ओलांडून १० जानेवारी २००१ रोजी ते अलाबामातील मोबील बंदरात शिरले. वृद्धांनी ५८ वर्षांचे जहाज स्वतः चालवत घरी आणले. २००५ पासून त्याचे घर आहे एव्हान्सव्हिल, ज्या गावाने त्याच्या १६७ भगिनी घडवल्या.

२३/ एक रास्त आक्षेप येईल. युद्धनौकांच्या तोफा आणि विमाने यांनी किनारे भाजून काढले नसते, पाणबुड्यांना आवरले नसते, तर एलएसटी किनाऱ्याला लागल्याच नसत्या. हे मान्य आहे. लढणाऱ्यांचे श्रेय कमी करण्याचा माझा हेतू नाही. माझे म्हणणे स्मरणाच्या वाट्याविषयी आहे. स्वयंपाकी, ओझेवाले, शिडाचे तांडेल, आगगाडीचे चालक, खंदक खणणारे, या सर्वांना इतिहास ‘इत्यादी’ या एका शब्दात गुंडाळतो. एलएसटी हे त्या ‘इत्यादी’चे लोखंडी रूप आहे.

२४/ जतन करण्याचा धडाही येथेच आहे. आपली पहिली ‘विक्रांत’ १९९७ मध्ये निवृत्त झाली, मुंबईत काही वर्षे संग्रहालय म्हणून उभी राहिली आणि २०१४ मध्ये दारूखान्यात तोडली गेली. तिचा पराक्रम थोर होता, तरी तो तिला वाचवू शकला नाही. एलएसटी-३२५ वाचली याचे कारण तिचा गौरव नाही. ती पंचावन्नाहून अधिक वर्षे कोणाच्या ना कोणाच्या उपयोगी पडत राहिली आणि शेवटी तिला चालवता येणारी माणसे जिवंत होती. वस्तू अभिमानाने टिकत नाहीत. हात लागत राहिले, तेल-पाणी होत राहिले, तर टिकतात. स्मारक उभारण्याआधी ते रोज कोण पुसणार, हे ठरवायला हवे.

२५/ एलएसटी-३२५ आजही स्वतःच्या इंजिनांवर ओहायो-मिसिसिपीच्या पात्रात फिरते. लोक तिच्या पोटात शिरतात, रिकामा तळमजला पाहतात आणि अनेकदा विचारतात, की यात पाहण्यासारखे काय आहे? उत्तर त्या रिकामेपणातच आहे. जे होते ते तिने पोहोचवले. पुढच्या वेळी महायुद्धाचे पुस्तक उघडाल तेव्हा एवढे करा : लढाईचे प्रकरण वाचून झाले की ‘हे सारे तेथे आणले कोणी, आणि परत नेले कोणी?’ हा प्रश्न समासात लिहून ठेवा.

धागा समाप्त. आपल्या घरात कोणी सैन्याच्या वाहतूक दलात, मालवाहू जहाजांवर किंवा गोदीत काम केले असेल, तर त्यांच्या आठवणी खाली अवश्य लिहा. त्या ‘इत्यादी’ नाहीत.